व्हिएन्नाला जायचा एकच मार्ग

तीस वर्षं मी एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये बसून लोकांना गाड्या लावून दिल्या. कुंभार्ली घाटात दरड आली तर चिपळूणची गाडी कुठून वळवायची, कुठल्या ड्रायव्हरला कुठं उतरवून दुसरा द्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि आता रिटायर झाल्यावर स्टुटगार्टहून व्हिएन्नाला कसं जायचं हे मला एका फोननं शिकवायचं! मला पहिल्यांदा आला तो रागच.

मी विलास खराडे, वय सहासष्ट, राहणार सातारा. बायको हेमलता. लेक मृण्मयी, आमची मिनू, स्टुटगार्टला नोकरीला असते. जावई दोन महिन्यांसाठी कोरियाला गेले, म्हणून तिनं आम्हाला बोलावून घेतलं. मार्च महिना घरात बसून काढला. मग हेमलतानं विषय काढला. व्हिएन्नात एक जुना, अवाढव्य आकाशपाळणा आहे, त्यात तिला बसायचं होतं. कुठल्याशा कॅलेंडरवर तिनं तो पाहिला होता, आणि वीस वर्षं डोक्यातून काढला नव्हता.

"औंधच्या यात्रेत बसवलं होतं की तुला," मी म्हणालो.

"तेव्हा तुम्ही माझ्या नव्या साडीवर ओकला होतात. त्याला बसणं म्हणत नाहीत."

मृण्मयीला हसू आवरेना. "पप्पा, तीन दिवस जाऊन या दोघं. मला सुट्टी नाही. वाटाड्याला विचारा, तो सगळं लावून देईल."

वाटाड्या म्हणजे फोनमधला प्रवासाचा मदतनीस. तिकडं आता तिकिटाची खिडकी म्हणून उरलेलीच नाही. विमान, रेल्वे, बस, हॉटेल, जे काही आहे ते त्याच्याच तोंडून. मराठी बोलतो, तेही आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखं.

मनगटावरच्या बँडची गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते त्यामुळं झालं. तीन वर्षांपूर्वी आमच्या विमा कंपनीनं दोघांना एकेक बँड पाठवला. मला साखर, त्यामुळं मला रोज सहा हजार पावलं सक्तीची. नाही झाली की कंपनीची एक बाई फोन करायची. "काका, आजपण नाही?" असं काही लाडात विचारायची की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हेमलता रोज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढाला जाणारी. तिला कसला आजार नाही, तिच्यावर कसली सक्ती नाही. तिचा चौथा फोन आला त्याच दिवशी मी माझा बँड हेमलताच्या हातात चढवला आणि तिचा माझ्या. बाई खूश, मी खूश. हेमलता दोन दिवस कुरकुरली, मग विसरली. मीही विसरलो. व्हिसाच्या वेळी ते बँड तिकडच्या यंत्रणेला जोडून घेतले, तेव्हासुद्धा आम्हाला काही आठवलं नाही.

तर आठ एप्रिलला, सोमवारी, आम्ही दोघं सोफ्यावर आपापला फोन घेऊन बसलो. हेमलताच्या फोनवर वाटाड्या नुसता सुटला होता. विमानानं सव्वा तास. रेल्वेच्या पाच गाड्या. बस. निम्मी वाट डॅन्यूब नदीतून बोट. शिवाय वाटेत डोंगरात थांबून, दोरीला लटकून दरी पार करायची सोय.

"बघा, मला दरीत लटकवायला निघालाय मेला," ती म्हणाली.

माझ्या फोनवर एकच ओळ होती. बुधवार, सतरा एप्रिल, सकाळची रेल्वे, डबा पाच, सीट चौतीस.

"विमान?" मी विचारलं.

"आपल्यासाठी रेल्वे अधिक सुखद राहील, विलासराव."

"बस?"

"आपल्यासाठी रेल्वे अधिक सुखद राहील."

"बरं बाबा. परतीचं दाखव."

तो जरा थांबला. "परतीचं आपण नंतर पाहू."

हॉटेल सुचवलं तेही एका मोठ्या इस्पितळाच्या समोरचं. तळमजल्याची खोली, न्याहारी फक्त पहिल्या दिवशीची. मी मृण्मयीला हाक मारली. म्हटलं, हे बिघडलंय, जरा बघ. तिनं फोन घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. मग म्हणाली, "काही बिघडलं नाही. रेल्वेनंच जा पप्पा. छान असते." फोन माझ्या हातात देऊन ती गॅलरीत गेली, आणि वाळलेले कपडे काढायला तिला अर्धा तास लागला.

आता मी तीस वर्षं कंट्रोलमध्ये काढलेला माणूस. गाडी का वळवली हे आम्ही प्रवाशांना कधी सांगायचो नाही. 'जरा पुढनं जाऊ' एवढंच. पुढं अपघात झालाय, माणसं पडलीत, हे आम्हाला ठाऊक असायचं. ती भाषा मी स्वतः बोललेलो आहे. वाटाड्या मला तीच भाषा ऐकवत होता, आणि या खेपेला वळवलेली गाडी माझी होती.

कारण दोनच आठवड्यांपूर्वी जेवताना मृण्मयीनं आम्हाला खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची हकीकत सांगितली होती. तो हँबुर्गला बहिणीकडं निघाला, तर त्याला जायचंच तिकीट दाखवलं, यायचं नाही. पंधरा दिवसांत गेला. मी म्हटलं होतं, योगायोग असेल. तेव्हा तिनं भाजीचा डाव बाजूला ठेवून मला समजावलं होतं.

धडधाकट माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही, ती म्हणाली. श्वास आत घेतला की ठोके किंचित जवळ येतात, सोडला की लांब जातात. ते अंतर सारखं बदलतं, आणि ते बदलणं हीच तब्येतीची खूण. हृदय थकलं की त्याचं हे लवचिकपण जातं, ठोके एकसुरी पडायला लागतात. डॉक्टरांना हे जुनंच माहीत होतं. नवीन एवढंच झालं, की चार कोटी मनगटांवरची पंधरा वर्षांची नोंद एका ठिकाणी आली. त्यात नुसते ठोके नाहीत. चालताना पाऊल किती वेळ टेकतं, बोलताना माणूस दमासाठी कुठं थांबतो, झोपेत कितीदा कूस बदलतो, हे सगळं. त्यातून एका प्रयोगशाळेनं गणित बसवलं. हृदय येत्या तीन आठवड्यांत बंद पडणार असेल तर ते आता आधी कळतं. दहात नऊ वेळा बरोबर येतं.

"मग सांगत का नाहीत?" हेमलतानं विचारलं होतं.

"कायदा आहे, आई. माणसानं स्वतः विचारल्याशिवाय त्याच्या मरणाचं त्याला सांगायचं नाही. घरच्यांनीही नाही. आणि तिकीटही नाकारायचं नाही. पण समोर काय ठेवायचं आणि काय लपवायचं, यावर कायदा नाही. विमानात आकाशात माणूस गेलेला कुणाला परवडतो? रेल्वेत निदान पुढच्या स्टेशनला उतरवता येतं."

"आणि विचारलं तर?"

"विचारलं तर उपचार करतात. ज्यांनी विचारलं त्यातले दहातले सात वाचतात."

हे सगळं मला त्या सोमवारी शब्द न् शब्द आठवलं. फोनच्या तळाशी बारीक करड्या अक्षरांत एक ओळ होती, 'मला माझ्याबद्दल जाणून घ्यायचं आहे.' त्यावर अंगठा टेकवायचा, की झालं. मी फोन पालथा घातला.

का, ते खरं सांगतो. माझ्या थोरल्या भावाला एकवीस दिवस नळ्या लावून ठेवला होता. शेवटी तो मला ओळखेना. तेव्हापासून मी दवाखान्याची पायरी म्हटली की चार पावलं मागं सरतो. त्यात परका मुलुख. लेकीच्या नोकरीचा खेळखंडोबा. आणि हेमलताची सहल मोडणार. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मी तिला महाबळेश्वरच्या पलीकडं कुठं नेलं नव्हतं. मनाशी म्हणालो, विलासराव, जीव तुमचा, निर्णयही तुमचा. तिला पाळण्यात बसवा आणि गपगुमान जा. स्वतःचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

पुढचे नऊ दिवस मी मोठा माणूस होऊन वागलो. भांडलो नाही. आमटीत मीठ कमी पडलं तरी बोललो नाही. मृण्मयीही विचित्रच गोड झाली होती. एरवी माझ्या पुढ्यातला जिलबीचा तुकडा हिसकावून घेणारी पोर, पण रविवारी श्रीखंड केलं आणि वाटी काठोकाठ भरून मला दिली. "खा पप्पा, एक दिवस काही होत नाही." म्हटलं, लेकीला माया आलीय.

हेमलताला मी पाण्याच्या मोटरचं शिकवायला घेतलं. घरची टाकी भरायची तर आधी खालचा व्हॉल्व्ह, मग बटण, आवाज घरघर आला तर लगेच बंद. कागदावर चित्र काढून दिलं.

"मला कशाला हे? तुम्ही कुठं निघालात?"

"कुठं नाही. माहीत असावं."

"तुमचं काहीतरी बिनसलंय. कालपासून मला 'अगं ऐक ना' म्हणताय."

तिचंही काही धड नव्हतं, पण मला माझ्यातून सवड कुठं होती? तीन जिने चढून आली की ती दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबायची. इथली हवा मानवत नाही म्हणायची. दोनदा म्हणाली, पाठीत भरून आलंय, जरा बाम लावा. मी लावला. डाव्या खांद्याखाली बोटं फिरवत होतो आणि मनात माझं तेराव्याचं जेवण चाललं होतं. कोणाकोणाला बोलवावं लागेल, आचारी कोण, असलं. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सतरा तारखेला मृण्मयी स्टेशनवर आली होती. गाडी सुटेस्तोवर तिनं माझा हात सोडला नाही. आईला म्हणाली, "पप्पांकडं लक्ष दे गं." आईनं तिच्या गालाला हात लावला आणि आम्ही निघालो.

गाडी झकास होती, ते मान्य केलं पाहिजे. माझी सीट चौतीस, वाटेकडची. वर लाल हृदयाचं चित्र असलेली पेटी भिंतीला लावलेली. शॉक देऊन हृदय चालू करायची पेटी. ती माझ्याच डोक्यावर का आहे हे मला ठाऊक होतं. हेमलता खिडकीशी. म्युनिक गेल्यावर तिनं डबा उघडला, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं. मला दिल्या, स्वतः एक पुरी तोडून तशीच हातात धरून बसली.

"खात का नाहीस?"

"नको वाटतंय. दाढ दुखतेय मघापासून." कपाळावर घाम होता. बाहेर डोंगरांवर अजून बर्फ दिसत होतं, आणि हिला घाम.

तेवढ्यात डब्याच्या दारातून गाडीची एक कर्मचारी मुलगी भरभर चालत आली. हातात पाटीएवढं यंत्र. ती सीट चौतीसपाशी थांबली. कॉलरला लावलेला दुभाषी मराठीत म्हणाला, "श्रीयुत खराडे?"

मी हात वर केला. मनात म्हटलं, आली वेळ. मी तयार आहे. खरंच होतो मी तयार.

तिनं यंत्र माझ्या मनगटाजवळ आणलं. ते हिरवं झालं. 'हेमलता खराडे. सर्व ठीक.' मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं हात लांबवून यंत्र खिडकीकडं नेलं, आणि ते लालभडक होऊन वाजायला लागलं.

लोक मला विचारतात, नऊ दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही? नाही आलं. फोन माझा, नाव माझं, साखर माझी. मरण दुसऱ्या कुणाचं असेल हे डोक्यातच येत नाही माणसाच्या. त्या लाल उजेडात मला सातारचं आमचं स्वयंपाकघर दिसलं, आणि मी हसत हसत हिच्या हातात बँड चढवताना दिसलो.

मुलगी भराभर काहीतरी बोलत होती. दुभाषी म्हणाला, "अधिक माहिती खातेदारानं विचारल्यासच देता येईल." खातेदार मी. मी फोन काढला आणि त्या करड्या ओळीवर अंगठा टेकवला. जे नऊ दिवस केलं नव्हतं ते करायला दोन सेकंद लागले. 'हृदय बंद पडण्याची शक्यता त्र्याण्णव टक्के. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत.'

"गाडी थांबवा!" मी ओरडलो.

"साल्झबुर्ग बावीस मिनिटांवर आहे. तिथं रुग्णवाहिका उभी राहील. मध्ये थांबवली तर तिला पोहोचायला चाळीस मिनिटं लागतील."

ते बरोबर होतं. कंट्रोलमध्ये मी असतो तर मीही हेच सांगितलं असतं. मी खाली बसलो.

"काय झालं?" हेमलता म्हणाली. "कुणाला काय झालंय?"

मी सांगितलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. बँड, वाटाड्या, परतीचं न दाखवलेलं तिकीट, सगळं. ती ऐकत राहिली. हातातली पुरी तिनं नीट डब्यात ठेवली, झाकण लावलं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"त्या सोमवारपासून."

"म्हणजे नऊ दिवस." ती माझ्याकडं बघत होती. "म्हणून मोटरचं शिकवत होतात तर."

"तुझी सहल मोडू नये म्हणून गं. मला वाटलं मीच जाणार. माझं मी ठरवलं होतं."

"अहो, मला त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी तुमचं काही ऐकून घेतलं असतं का? रडला असतात, भांडला असतात, तरी बखोट धरून दवाखान्यात नेलं असतं. आणि तिथं डॉक्टरनं तुमची छाती तपासली असती की त्याच मिनिटाला कळलं असतं, हे दुखणं तुमचं नाही म्हणून."

दहातले सात वाचतात. तो आकडा माझ्या डोक्यात घणघणत होता.

"चिडले नाही मी," ती जरा वेळानं म्हणाली. "पण मला भीती वाटतेय हो. खूप भीती वाटतेय." आणि तिनं माझा हात धरला. तिचा हात ओलाचिंब होता. मी म्हणालो, बावीसची आता चौदा मिनिटं राहिली, आता पोहोचू, इथले डॉक्टर चांगले असतात. जे सुचेल ते बोलत होतो. त्या मुलीनं पेटी उतरवून जवळ आणून ठेवली होती.

साल्झबुर्गला अकरा मिनिटं होती तेव्हा हेमलता म्हणाली, "जरा पाणी द्या." मी बाटली उघडेपर्यंत तिची मान खिडकीवर टेकली.

मुलीनं तिला वाटेत आडवं केलं आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. आणखी कोणी एक बाप्या उठून मदतीला आला. मला बाजूला सारलं. पेटीच्या पट्ट्या तिच्या छातीवर चिकटवल्या, आणि पेटी मोठ्यानं वाचायला लागली. दुभाषी तेच मराठीतून सांगत होता. "विलास खराडे. पुरुष. वय सहासष्ट. मधुमेह." मी ओरडलो, ती बाई आहे, तिला साखर नाही, तिला काही आजार नाही! पेटीनं पुन्हा तेच वाचलं. मग म्हणाली, सर्वांनी दूर व्हा. हेमलताचं अंग एकदा उसळलं आणि खाली पडलं. पुन्हा दाब. पुन्हा दूर व्हा.

किती वेळ गेला हे मला, मिनिटांवर जन्म काढलेल्या माणसाला, सांगता येत नाही. गाडीचा वेग कमी होत होता. त्या मुलीचे हात थांबले. तिनं घड्याळाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

हेमलताच्या पर्समध्ये फोन वाजत होता. वाजून बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. यंत्रणेनं घरच्यांना निरोप धाडला होता, ज्याच्या नावाचा बँड त्याच्या नावानं. मी पर्स उघडली, फोन कानाला लावला.

"आई," मृण्मयी हुंदके देत होती. "आई, मला आत्ता मेसेज आला. तू घाबरू नकोस, मी निघालेय. मला त्या दिवशीच कळलं होतं गं. पप्पांनी विचारलं नाही, म्हणून मी पण गप्प बसले. म्हटलं, तुझ्याबरोबर तीन दिवस तरी आनंदात जाऊ देत त्यांचे. आई, फार त्रास झाला का गं त्यांना?"

मी म्हणालो, "मिनू, मी पप्पा बोलतोय."